काकूंच्या फोनवर उघडेल ते

श्रावणातला रविवार. स्थळ: काकूंचं घर, कोलकात्याजवळचं बराकपूर. हजर: काकू, माझी मुलगी, मी. शिवाय काकूंचा जुना फोन. त्याचं नाव हजेरीत घेते, कारण त्या दिवशी निर्णय त्यानेच दिला.

काकू माझ्या नात्यातल्या नाहीत. बदलीवर कोलकात्यात आलेल्या आम्हा मोजक्या मराठी कुटुंबांत त्या सगळ्यांत जुन्या. काकांची बँकेतली शेवटची बदली इथली. काका गेले, काकू राहिल्या. रोज संध्याकाळी सहाला कुठल्या तरी एका घरातून त्यांना फोन जातो. कोणत्या वारी कोणाची पाळी, त्याची एक वही आहे. ज्यांची बदली होते ते घर ती पुढच्या घराच्या हाती देऊन जातं.

गेली काही वर्षं वही माझ्याकडे आहे, आणि सोमवारची पाळीही माझी. यंदा आमचीच नागपूरला बदली झाली आणि वही घ्यायला घर मिळेना, कारण जो तो जाण्याच्या बेतात. मागे एकदा ती अशीच दोन घरांच्या मधे अडकली होती. चार संध्याकाळी काकूंना कोणाचाच फोन गेला नाही. पाचव्या दिवशी त्या एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, माझाच फोन बिघडला." पुन्हा असं होऊ द्यायचं नव्हतं.

म्हणून वही सगळ्यांच्या मोबाइलवर उघडेल असं करायचं ठरलं. मुलगी कॉम्प्युटरच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने सांगितलं, असलं काही कोऱ्या पाटीवर लिहीत नाहीत. जावास्क्रिप्टचं एखादं फ्रेमवर्क, म्हणजे तयार सांगाडा घेतात आणि आपलं काम त्यावर चढवतात. तिने तीन फ्रेमवर्कांत आमच्या यादीचं एकेक नमुना-पान करून दाखवलं. एक मोठं, एक मधलं, एक अगदी छोटं.

"मोठंच घे, आई. सगळे तेच वापरतात."

"सगळे म्हणजे कोण?"

"दुनिया."

"दुनियेला काकूंना फोन करायचा नाहीये."

"पण मला इंटरव्ह्यूत तेच विचारणार ना!"

हे मात्र खरं होतं. मी तक्ता आखला. काकूंच्या फोनवर उघडतं का? आमच्यामागे दुसऱ्या कोणाला दुरुस्त करता येईल का? दिसायला नीट आहे का? तिन्ही रकान्यांत मोठ्यासमोर बरोबरची खूण केली. आयुष्यभर लोकांना 'आधी बघा, मग खूण करा' सांगत आले, आणि पहिल्या रकान्यातली खूण केली ती माझ्या नव्या फोनवर, घरच्या वायफायवर बघून.

सियालदहहून गाडी पकडून आम्ही बराकपूरला गेलो. मुलीने काकूंच्या फोनवर मोठं पान लावलं आणि फोन त्यांच्या हातात दिला. पडदा पांढराशुभ्र. काकूंनी तो लांब धरला, जवळ धरला.

"छान केलंयस गं. अगदी स्वच्छ."

मुलीचे कान लाल झाले. "आजी, ते अजून आलंच नाही."

"येऊ दे की सावकाश. मला कुठे जायचंय? वडी घे."

नारळाची वडी खाऊन झाली, दुसरी घेऊन झाली. पडदा तसाच पांढरा. मी पर्समधून तक्ता काढला आणि पहिल्या रकान्यातली खूण खोडली. मधलं पान अर्धं येऊन थांबलं. मुलीने छोटं लावलं. काकूंचा चष्मा डबीतून निघायच्या आत सोमवार ते रविवार समोर हजर.

"ठीक आछे," मुलगी म्हणाली. "छोटंच."

"आणि तुझा इंटरव्ह्यू?"

"मोठं मी वेगळं शिकेन. हे आजींसाठी आहे."

काकू एकेका वारावरून बोट फिरवत होत्या. रविवारपर्यंत पोचल्या, पुन्हा सोमवारवर आल्या.

"सगळे मला फोन करणार. मी कधी करायचा?"

इतक्या वर्षांत वहीत तसा रकाना कोणी आखला नव्हता. मीही नाही.

"कोणाला करणार, आजी?" मुलीने विचारलं.

"हिला." काकूंनी माझ्याकडे बोट केलं. "नव्या गावात नव्या घरात सहा वाजता हिला कोण विचारणार आहे? गुरुवार माझा. लिही."

परतीच्या गाडीत मुलीने गुरुवारखाली आणखी एक चौकट केली. यादी आता सगळ्या घरांच्या फोनवर आहे आणि एकही संध्याकाळ चुकलेली नाही. सामान बांधून झालं, गॅसचं कार्ड परत केलं, वही काकूंकडे ठेवायला दिली. माझ्या कामांच्या कागदावर एकच ओळ उरली आहे: काकूंच्या गुरुवारच्या चौकटीत माझं नाव टाकणे. दोन मिनिटांचं काम. पण यादीत एक नाव एकाच चौकटीत बसतं; त्याआधी ते माझ्या सोमवारच्या चौकटीतून काढावं लागतं, आणि ते अजून काढलेलं नाही.