भुवया राहिल्या

अदितीचा फोन आला तेव्हा मी घाटकोपरला आमच्या स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. "मावशी, आई गेली," एवढंच ती म्हणाली. मी विचारलं, "जेवली होती का?" सुचत नाही तेव्हा माणूस असलंच काहीतरी विचारतो. जेवली होती. जेवून जरा आडवी झाली आणि झोपेतच गेली. रेखाताई, माझी थोरली बहीण, मुलुंडची. याला आता सात आठवडे होतील. भेटायला येणारे सांगतात, हळूहळू सवय होईल. सवय वगैरे काही झालेली नाही, नुसता थकवा आलाय. पायऱ्या चढले की बसावंसं वाटतं, बसले की उठावंसं वाटत नाही.

ताईने एकतीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. सोसायटीचं मखर असो नाहीतर कुणाच्या मुलीचं रुखवत, "रेखाला सांगा" हे ठरलेलं. निवृत्त झाल्यावर तरी स्वस्थ बसेल असं आम्हाला वाटलं होतं, पण स्वस्थ बसणं तिच्या कुंडलीतच नव्हतं. एक दिवस तिच्याकडे पार्सल आलं. आत विनाइलचं एक डोकं, दोन हात आणि दोन पाय. तान्ह्या बाळाच्या मापाचे, पार नखांच्या आकारासकट, पण कोरे, मेणबत्तीसारखे फिकट. फोनवर कुठेतरी तिने पाहिलं होतं की लोक हे रंगवून हुबेहूब बाळ करतात. तिने वर्षभरात ते शिकून घेतलं. पाण्यासारखा पातळ रंग, थरावर थर, आणि प्रत्येक थर ओव्हनमध्ये भाजून पक्का करायचा. कपाळावरच्या निळसर शिरा, टाचांचा गुलाबी, पापण्यांवरची लाली. मग जावळ, एकेक केस सुईने टोचून. सगळ्यात शेवटी भुवया. या भाजण्यासाठी जुना ओव्हन तिने बाल्कनीत नेऊन ठेवला, हे फक्त तिच्याकडे कामाला येणाऱ्या शोभाला सांगायचं राहून गेलं. शोभाने काचेतून आत पाहिलं, हातातला झाडू टाकला आणि थेट खाली वॉचमनला गाठून म्हणाली, "बाईंनी पोराचं मुंडकं भाजायला ठेवलंय!" ताईला हा किस्सा सांगताना शेवटपर्यंत हसू आवरायचं नाही. पुढे शोभाच त्या बाहुल्यांची झबली शिवू लागली.

कोण घेतं असल्या बाहुल्या, असं मी विचारलं होतं. बरेच जण घ्यायचे. कांदिवलीच्या एका मुलीने आईसाठी नेली. आई कुणालाच ओळखेनाशी झाली होती, पण बाहुली मांडीवर दिली की ती तासन् तास थोपटत बसायची. काहीजण फोनवर सांगायचे, "मॅडम, जरा गोरं करा ना." ताई म्हणायची, "गोरं पाहिजे तर मैद्याचं मळून घ्या. माझ्याकडे गव्हाळच मिळेल." ऑर्डर गेली तरी बेहत्तर, तिचा रंग बदलायचा नाही.

आता माझं सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्या मुलाच्या, निखिलच्या आधी मला एक मुलगी झाली होती. नऊ दिवस होती. दुसऱ्या दिवशी ताई शाळेचा कॅमेरा मागून घेऊन हॉस्पिटलात आली. "मंजू, जरा तोंड इकडे कर तिचं." मी म्हटलं, "ताई, बारशाआधी फोटो नको. दृष्ट लागते." आमच्याकडे तशी पद्धतच होती. पण सासूबाई तिथे नव्हत्या, आई नव्हती. मीच म्हटलं ते. ताईचा असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता, तरी बाळंतिणीचं मन कशाला मोडा म्हणून तिने कॅमेरा पिशवीत परत ठेवला. म्हणाली, "बरं. बाराव्या दिवशी अख्खा रोल संपवते." मग ती पाळण्यापाशी बसून तासभर नुसती बाळाकडे बघत राहिली. बारावा दिवस आलाच नाही. नाव नाही, फोटो नाही. निखिल झाला तेव्हा मी पहिल्याच दिवशी फोटो काढायला लावले. पण तिचा चेहरा वर्षागणिक पुसट होत गेला, आणि कधीतरी लक्षात आलं की मला आता फक्त तिचं जावळ आठवतंय.

पाच वर्षांपूर्वी ताईने मला मुलुंडला बोलावलं. "ये, एक दाखवायचंय." तिच्या पलंगावर टॉवेलवर एक बाहुली ठेवलेली होती. दारातूनच मी माझं बाळ ओळखलं. वरचा ओठ किंचित पुढे, पापणीवर लाल डाग, एका बाजूला जरा चपटं कपाळ... मी विसरले होते ते सगळं ताईने तीसेक वर्षं जपून ठेवलं होतं. त्या तासाभरात तिने ते पाठच केलं असणार. आणि मी काय करावं? मी तिच्यावर ओरडले. "कुणी सांगितलं होतं तुला? मला विचारलंस?" ती म्हणाली, "मला वाटलं..." मी पुढचं ऐकून घेतलं नाही. "पुसून टाक. आत्ता. माझ्यासमोर."

तिने वाद घातला नाही. खिडक्या उघडल्या, ॲसिटोनची बाटली आणली, कापसाचे बोळे केले. भाजलेला रंग सहजी सुटत नाही, चोळावा लागतो. आधी ओठ गेले. मग गालांची लाली, मग पापणीवरचा डाग. नेलपॉलिश काढताना येतो तो वास खोलीभर, आणि बशीत गुलाबी, तपकिरी बोळ्यांचा ढीग. ताई मान खाली घालून चोळत राहिली. मी दाराला टेकून उभी होते, बाहुलीला हातसुद्धा लावला नाही. भुवया गेल्यावर चप्पल घातली आणि घरी आले. आज मला त्या उभ्या राहण्याची जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

चार महिने आम्ही बोललो नाही. संक्रांतीला तीच तिळगूळ घेऊन आली, आणि त्या विषयावर आम्ही दोघींनी तोंड मिटलं ते मिटलंच. त्याच बाहुलीला तिने नवा चेहरा दिला होता, कुणाच्याही बाळाचा शोभेल असा, गोड. लोकरीचं टोपरं घालून ती कपाटावर बसवली. विकली मात्र नाही.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दीड महिना अंथरुणात पडून होते. पडल्या पडल्या तो पलंगावरचा चेहरा आठवायचा प्रयत्न करायचे, आणि डोळ्यापुढे यायचे ते बशीतले बोळे. शेवटी लाज सोडून ताईला फोन केला. "ताई, तो चेहरा पुन्हा होईल का गं?" ती म्हणाली, "खरं सांगू मंजू? तेव्हा तो अगदी समोर होता. पण पुसताना त्याच्याकडे इतकं बघितलं ना मी... आता पुसलेलाच आठवतो." मग तीच म्हणाली, "बघते. हाताला आठवत असेल."

हात तरी कुठे पूर्वीचा राहिला होता. उजव्या हाताला कंप सुरू झाला होता. तरी तिने टोपरं काढलं, तो गोड चेहरा पुसला, बाहुली पुन्हा कोरी केली आणि पहिल्या थरापासून सुरुवात केली. दोन-चार दिवसांनी फोन यायचा. "आज शिरा झाल्या." "आज ओठ भाजून काढले." एकदा विचारलं, "पापणीवरचा डाग उजवीकडे होता की डावीकडे?" मी ताबडतोब म्हटलं, "उजवीकडे." मला खात्री नव्हती. पण तिने विचारलं आणि बाळाच्या आईलाच, मला, ते माहीत नाही, हे तिला सांगायचं माझ्या जिवावर आलं. राहता राहिल्या भुवया. त्यांना एकेक केसाची रेघ लागते, हात स्थिर लागतो. ती रोज सकाळी कागदावर रेघा मारून बघायची आणि मला कळवायची, "आज नाही गं." असे किती दिवस गेले कोण जाणे. मी मात्र प्रत्येक वेळी "सावकाश कर" म्हणायचे, आणि फोन ठेवल्यावर चिडायचे. हेही लिहून ठेवते.

मागच्या आठवड्यात अदितीने खोली आवरायला बोलावलं. बाहुली टेबलावर होती. बाजूला कागद, ओळीने काढलेल्या बारीक बारीक भुवया, सगळ्या थरथरलेल्या. चेहरा पूर्ण होता, फक्त डोळ्यांच्या वर काही नव्हतं. मी खुर्ची ओढून समोर बसले. तीच आहे का ही? ओठ तिचा वाटला. बाकी ताईच्या हाताचं किती आणि मी फोनवर ठोकून दिलेलं किती, सांगता येईना. आणि विचारायला आता कुणी नाही. बाळ गेलं तेव्हा रडले नव्हते इतकी मी त्या खुर्चीत रडले. अदिती म्हणाली, "मावशी, माझ्या ओळखीत एक मुलगी आहे, ती हेच काम करते. भुवया काढून देईल." मी म्हटलं, "कुणाच्या काढेल ती?" फार तुसडेपणाने बोलले. पोरीची आई गेलीय, एवढं तरी भान ठेवायला हवं होतं मी.

अदिती खोका आणायला गेली तेव्हा मी बाहुली पहिल्यांदा उचलली. वाटली होती त्यापेक्षा जड निघाली. ताईने आत वजन भरलं होतं. उचलताच डोकं मागे कलंडलं आणि माझा हात आपोआप मानेखाली गेला. "खोका नको," मी अदितीला म्हटलं. शोभाने शिवलेल्या दुपट्यात गुंडाळून खांद्याशी धरली आणि खाली येऊन रिक्षा केली. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं. म्हणाला, "आंटी, बच्चा सो रहा है क्या?"

मी म्हटलं, "हां, सोई है."

घाटकोपर येईपर्यंत त्याने एकदाही हॉर्न वाजवला नाही.