टिकल्यांचा नकाशा

जयूच्या लेकीचा, पल्लवीचा फोन आला तेव्हा मी डबा भरत होते. "मावशी, आई गेली. आत्ताच, आठच्या सुमारास," ती म्हणाली, आणि थोडं थांबून, "ओहोटी लागली होती." ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात त्यांच्या घरी वेळ अशीही सांगतात. मी डोंबिवलीत ओट्याशी उभी, हातात पोळी. काही सुचेना म्हणून ती पोळी डब्यात घातली, झाकण नीट लावलं आणि मग खाली बसले... जयूला जाऊन आता सहा आठवडे झाले. अजूनही काही चांगलं दिसलं की आधी वाटतं, जयूला सांगू.

खोपटच्या एसटी डेपोजवळच्या ऑफिसात आम्ही बावीस वर्षं शेजारी बसलो. पन्नाशी गाठताना हिमालयात चालत जायचं खूळ माझं. येऊरच्या टेकडीपलीकडे दोघींपैकी कुणीच काही चढलेलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर माझी भेंडी, तिचे सुके बोंबील आणि मधोमध हिमाचलचा नकाशा. बाहेर मुरबाडच्या, जुन्नरच्या गाड्यांची घोषणा चालू असायची आणि आम्ही देवदारांच्या सावलीतून चालत असायचो, कुठल्याशा ओढ्यावर पाय बुडवून बसायचो, भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा. ते वर्ष आठवलं की मला ऑफिस आठवतच नाही. तिथलं धुकं आठवतं, जे तोवर आम्ही पाहिलेलंही नव्हतं.

एकाच खिंडीकडे जाणाऱ्या दोन वाटा होत्या. एक झटपट: जीप बरंच वर नेऊन सोडते, तिसऱ्या दिवशी खिंड. रजा कमी लागणार, फोटो झकास येणार. मला तीच हवी होती. दुसरी जंगलातून, कुरणांतून रेंगाळत जाणारी, जवळजवळ दुप्पट दिवसांची. जयूने ट्रेकवाल्यांना फोन लावला आणि खिंड किती उंच हे विचारलंच नाही. रोज झोपायची जागा कालच्यापेक्षा किती वर आहे आणि बरं वाटेनासं झालं तर त्याच दिवशी खाली येता येतं का, एवढंच विचारलं. जीपच्या वाटेवर दुसऱ्या मुक्कामानंतर मध्येच उतरणं अवघड, हे कळल्यावर तिने तो कागद बाजूला सारला. मी चिडले.

"अगं, तू जायच्या आधीच परत यायचं कसलं बोलतेस?"

"आमचे बाबा तसेच होते," ती म्हणाली. "भाऊ होडी काढायला लागले की विचारायचे, 'जाशील कवा तं नको, फिरशील कवा तं मना सांग.' ओहोटीत एकदा होडी चिखलात बसली ना, की मग बस बोंबलत."

मग तिने पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं आणि लांबच्या वाटेवर प्रत्येक मुक्कामाला एकेक लाल टिकली चिकटवली. टिकलीपाशी थांबायचं, एकमेकींकडे बघायचं, दोघी धडधाकट असलो तरच पुढे. खिंडीवर मात्र टिकली नव्हती. "तिथं पोचलो तर बघू," म्हणाली. एवढ्या शहाण्या बाईने पुढे काय करावं? खिंडीचा दिवस अष्टमीला येईल अशी तारीख मागितली, का तर अष्टमीला भांगाची भरती असते, पाण्याला जोर नसतो! फोनवरच्या मुलाने तारीख दोनदा विचारून घेतली. "मॅडम, इधर पानी नहीं है, बर्फ है," असं काहीसं म्हणाला. आम्ही दोघी ठसका लागेपर्यंत हसलो, आणि तारीख अष्टमीचीच घेतली.

सराव म्हणून आमच्या इमारतीचे सात मजले पाठीवर पाच-पाच किलो तांदूळ घेऊन चढलो. वॉचमनने पहिल्या दिवशी विचारलं, "ताई, लिफ्ट बंद आहे का?"

आणि खरंच गेलो. पहिल्या तीन टिकल्यांची वाट मला आजही झोपेत दिसते. भिजल्या मातीचा वास, कुरणात चरणारे घोडे, आणि पुढे चालणारी जयू... नेहमीची साडी सोडून ट्रॅकपँटमध्ये शिरलेली, पण कपाळावर टिकली. चौथ्या मुक्कामावर माझं डोकं ठणकायला लागलं. थंडीत सारखं तंबूबाहेर जावं लागू नये म्हणून मी दोन दिवस पाणीच कमी पीत होते, हे तिला सांगितलं नव्हतं. डोकंही सांगितलं नाही. सकाळी बूट बांधताना तोल गेला आणि उलटी झाली. तिने माझ्याकडे बघितलं. खिंड समोर दिसत होती, उन्हात चमकत, हात लांब केला तर लागेल अशी.

"फिरायचं," ती म्हणाली.

"तू जा ना. तू तर ठणठणीत आहेस."

"एका होडीतल्या दोघी आपण. चल."

एक वाटाड्या घेऊन आम्ही उतरलो. दोन-तीन तासांत माझं डोकं उतरलं आणि राग चढला. कल्याण येईपर्यंत मी तिच्याशी धड बोलले नाही. स्टेशनवर उतरताना म्हणाले, "भित्री आहेस तू." तिने माझी सॅक माझ्या खांद्यावर चढवून दिली, पट्टा सरळ केला आणि घरी गेली.

दीड वर्षाने तिचं दुखणं निघालं. दोनदा उपचार झाले, दुखणं परत आलं. तिसऱ्यांदा डॉक्टर नवं औषध सुचवत होते तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होते. तिने शांतपणे विचारलं, "डॉक्टर, ह्यात परत कुठून फिरता येतं?" त्यांनीही खरं तेच सांगितलं, एकदा सुरू केलं की मध्येच फिरणं अवघड. नवं औषध तिने घेतलं नाही. जिन्यात मी तिच्यावर ओरडले, आणि तोच शब्द पुन्हा माझ्या तोंडून गेला. भित्री. ती कठड्याला धरून उभी राहिली. "मेधा, मला घरी जेवायचंय गं. खाडीचा वारा खात." पुढचे तीन महिने ती घरी होती. जेवली, हसली, सुनेला बोंबील कसे भाजायचे यावरून बोलली. मी दर रविवारी जायचे. त्या शब्दाची माफी मात्र मागायची राहिली. दर वेळी वाटायचं, पुढच्या रविवारी.

तेराव्यानंतर पल्लवीने मला तो नकाशा दिला. चारही टिकल्या रंग उडून फिक्या गुलाबी झाल्या होत्या. पण खिंडीवर एक पाचवी होती, लालभडक, कोरी. "शेवटच्या आठवड्यात आईने लावली," पल्लवी म्हणाली. "मला लावू दिली नाही, स्वतःच लावली. म्हणाली, 'मेधाची एक राहिलीय.'"

नकाशा आता माझ्या ओट्यावर, डबा भरते तिथे लावलाय. जूनमध्ये जातेय, त्याच लांबच्या वाटेने. तारीख अष्टमीचीच मिळाली. या वेळी पाणी भरपूर पिणार आहे, आणि डोकं दुखलं तर पहिल्या टिकलीपाशीच सांगणार आहे. खिंडीवर पोचलेच, तर तिथे उभी राहून म्हणणार आहे, जयू, भित्री तू नव्हतीस गं, मी होते. आणि मग तिने टिकली लावलीय तिथूनच परत फिरणार आहे.