तळहातावरचं गुलाबी औषध

दाताच्या दवाखान्यात लोक तोंड उघडायला येतात आणि मग बंदच करत नाहीत! म्हणून आमच्याकडे किस्से साठत जातात. ऐंशीच्या दशकात ह्यांनी भांडुपला नवा दवाखाना थाटला, तेव्हाचे तर ढिगाने आहेत. हे डॉक्टर, मी काउंटरवर. दिवाळीपर्यंत जम बसला नाही तर गाशा गुंडाळून चिपळूणला, सासऱ्यांच्या दुकानात बसायचं, असं ठरलेलं. मला मुळीच जायचं नव्हतं!

* * *

तेव्हा माउथवॉश कुणाला ठाऊक नव्हता. तोंडाला वास येतो म्हणून कुणी आलं, की हे एक गुलाबी औषध चूळ भरायला द्यायचे. पण दवाखान्याच्या ग्लासला कुणी तोंड लावेना. "दुसऱ्याचं उष्टं? शी!" मग ह्यांनी युक्ती काढली. थेट तळहातावर ओतायचं.

पहिल्या आल्या मागच्या चाळीतल्या परबआजी. त्यांनी उजवा हात पुढे केला. ह्यांनी ओतलं. आजींनी डोळे मिटून ते पिऊन टाकलं आणि ओला हात डोक्यावरून फिरवला!

मी किंचाळलेच, "आजी, थुंकायचं होतं ते!"

"तीर्थ कोण थुकता काय गो?" आजी माझ्यावरच डाफरल्या.

आजींना काही झालं नाही. घाबरून आमचीच वाट लागली.

* * *

मग बँकेतले कुलकर्णी. चूळ भरायची वेळ आली आणि हात आखडला. "आज संकष्टी आहे. उपासाला चालतं ना हे?"

"अहो, थुंकायचंय!"

"ते कळलं हो. पण थुंकेपर्यंत तोंडातच असतं ना!"

चंद्रोदयानंतर येतो म्हणाले. पुन्हा फिरकलेच नाहीत.

* * *

शेजारच्या सुधीरला मुलगी बघायला जायचं होतं. बाटली घरी घेऊन गेला. औषध पाणी न घालता, तसंच तोंडात धरलं! जीभ अशी भाजली की कांदेपोह्यांच्या वेळी शब्द फुटेना. मुलीकडचे खूश. "मुलगा काय शांत आहे!" लग्न ठरलं!

पेढे मात्र त्याने दारातूनच दिले.

"अरे, आत ये ना, डॉक्टरांना भेट."

"नको वहिनी, ते फार जवळ येऊन बोलतात." आणि पळाला.

* * *

असंच चाललं होतं. पेशंट एकदा यायचा, पुन्हा नाही. खुर्चीत बसला की मान वळवायचा. बायका नाकाला पदर लावायच्या. "घाबरतात गं," हे म्हणायचे. दिवाळी तोंडावर आली, तसं मला रडूच यायला लागलं. संध्याकाळी दवाखाना उघडण्याआधी आम्ही दोघं एकाच डब्यात जेवायचो. भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा. तेवढंच काय ते सुख.

एके दिवशी असंच जेवण आटोपलं आणि परबआजी आल्या. दाढ ठणकत होती. खुर्चीत बसल्या. हे तपासायला वाकले, तशी आजींनी ह्यांच्या छातीवर हात ठेवून त्यांना मागे सारलं. शेजारची गुलाबी बाटली उचलली.

"हात फुडे करा, डॉक्टर."

ह्यांनी मुकाट्याने हात पुढे केला. आजींनी तळहातावर ओतलं.

"आदी तुमी घेवा. मगेच माज्या तोंडात वाकान बगा!"

ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी हळूच डबा टेबलाखाली सरकवला.