गुरूनं बाहेर बसावं

बोरगाव मेघेला आमच्या वरच्या खोलीत व्हिएतनामची एक मुलगी भाड्यानं राहायला आली. ती विद्यापीठात हिंदी शिकत होती, पण त्याआधी हनोईच्या संगीत महाविद्यालयात एकाच तारेचं कुठलंसं वाद्य शिकलेली. वाजवायची सुरेख. मला खुपायचं ते तिचं बोलणं. त्यांच्याकडे म्हणे माईकसमोर कसं बसायचं, स्टुडिओत साथ कशी करायची, करारनामा कसा वाचायचा, सगळं शिकवतात. शेवटी शेवटी तर मुलं थिएटरात कामच करतात. एक ना धड, भाराभर चिंध्या, असं मी आमच्या ह्यांना म्हणाले. खरं तर पोटात दुखत होतं. माझ्या गाण्याच्या क्लासातली मुलं रागाची माहिती घडाघडा सांगतात, पहिल्या वर्गात पास होतात आणि बँकेच्या परीक्षेला बसतात.

एकच पोरगी गाण्यावर अडून बसली होती. जवळच्या खेड्यातली, लहानपणापासून माझ्याकडे. नागपूरच्या एका स्टुडिओला भजनांसाठी आवाज हवा होता, त्यांनी तिला बोलावलं. जमलं तर नेहमीचं काम. नाहीतर तिच्या घरी पाहुणे बघायला यायचेच होते. मी सोबत निघाले, तर एसटीत भाडेकरीणही हजर. माझ्या शिष्येनंच तिला बोलावलं होतं, आणि हे मला सेलूच्या स्टँडवर कळलं.

स्टुडिओत पोरगी गायला लागली आणि दर समेला मान वळवून काचेतून माझ्याकडे बघू लागली. आमच्याकडे रीतच तशी. गुरूनं मान डोलावली की पुढे जायचं. पण मान वळली की तोंड माईकपासून दूर, आणि आवाज गायब. रेकॉर्डिंगवाला थांबवून थांबवून वैतागला.

"मले तुमच्याकडं पाह्यल्याबिगर गाताच येत नाई, मॅडम," ती रडवेली होऊन म्हणाली. मला वाईट वाटलं आणि, लपवू कशाला, बरंही वाटलं.

भाडेकरीण माझ्याजवळ सरकली. "आंटीजी, आप बाहर बैठिए. हमारे यहाँ रिकॉर्डिंग के समय टीचर बाहर जाते हैं."

कालची पोर मला शिकवत होती. तिच्या कॉलेजात हेही शिकवतात, आणि मला कुणी कधी शिकवलं नाही, याचाच जास्त राग आला. त्या रागातच मी उठले. त्यात शहाणपण काही नव्हतं. बाहेरच्या बाकावर जाड दारापलीकडचं काही म्हणता काही ऐकू येत नव्हतं.

बऱ्याच वेळानं दोघी हसत बाहेर आल्या. काम मिळालं होतं. पोरगी पाया पडली, मी आशीर्वाद दिला.

"इतकं मोकळं मी कधी गायलीच नव्हती, मॅडम," ती म्हणाली. आनंदात होती बिचारी, आपण काय बोललो ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

ते भजन आता आमच्या गल्लीत सकाळी घरोघरी लागतं. मी त्या वेळी स्वयंपाकघरात मिक्सर सुरू करते.