वास्तुशांतीला उभा यजमान

पायांचा त्रास आधी फक्त झोपताना व्हायचा. पोटऱ्यांच्या आत काहीतरी वळवळायचं, उठून चाललं की थांबायचं. डॉक्टरांनी गोळी दिली आणि वर्षभर मी छान झोपलो. मग तोच त्रास संध्याकाळी सुरू व्हायला लागला, पुढे दुपारच्या चहालाच. दर वेळी गोळी वाढली. नोएडाच्या ऑफिसात मीटिंगला मी भिंतीला टेकून उभा राहायचो. शेवटी हातही वळवळायला लागले, तेव्हा दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"बीमारी नहीं बढ़ी, यही दवा बढ़ा रही है," त्या म्हणाल्या. जुनी गोळी हळूहळू कमी करायची, दुसरी सुरू करायची. मधले काही आठवडे आणखी वाईट जातील, पण मागे फिरायचं नाही.

नेमकी तेव्हाच नव्या फ्लॅटची वास्तुशांत होती. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, शहरात घर घेतलेलाही पहिलाच. याचा मला अभिमान आहे, लपवत नाही. मुलगा यजमान म्हणून पाटावर बसलेला बघायला अप्पा गावाहून आले होते. सकाळी अर्धी घ्यायची ती जुनी गोळी मी अख्खी हातावर घेतली. तेवढ्याने पूजा निभावली असती.

"अर्धीच घ्या," बायको म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून हे सगळं करायचं त्राण माझ्यात नाही."

अर्धीच घेतली. संकल्प संपायच्या आत मी पाटावरून उठलो. यजमानाच्या हाताला बायकोने हात लावायचा असतो, म्हणून तीही उठली. पहाडगंजहून आलेले गुरुजी मंत्र म्हणता म्हणता थांबले.

"अरे, मग कॉलेजात बसलास कसा?" अप्पा म्हणाले.

"तेव्हा पाय बरे होते, अप्पा."

बायकोने गुरुजींना सगळं सांगितलं.

"आहुतीपुरते टेका, बाकी उभे राहा," ते म्हणाले. "वहिनी, तुमचीही उठबस होणार बरं का."

"सवय आहे," ती म्हणाली.

उठत-बसत दुपार झाली. डोळे धुराने चुरचुरत होते, पाय आतून ओढत होते. पूर्णाहुतीला सगळेच उभे राहतात. तेव्हा अप्पा शेजारी येऊन उभे राहिले.

"ती गोळी टाकून दे," ते हळूच म्हणाले.

"एकदम टाकता येत नाही. हळूहळू सोडायची असते."

"मग हळूहळू सोड. पण सोड."