थंडा डफ

पांझरेवरचं धुकं अजून उठलं नव्हतं. पौषातली थंडी अशी, की खराट्याची मूठ बोटांना चावत होती. निंबाचा ओला पाला जमिनीला चिकटलेला, दोनदा ओढावं तेव्हा निघायचा. रुपचंदनं अर्धं अंगण झाडलं आणि तो थांबला.

धुळ्याबाहेरच्या व्यसनमुक्ती केंद्रातला त्याचा हा बेचाळिसावा दिवस. खाटेखाली पिशवी बांधून ठेवली होती. दहाची शिंदखेडा एस.टी. फाट्यावर थांबते, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं होतं. पण शिंदखेड्याच्या घराला कुलूप होतं. आग्रा रोडवर एक ढाबा होता, रुपचंद ट्रक चालवायचा तेव्हापासूनचा, आणि ढाब्यामागे गर्दची पुडी देणारा माणूस. फाट्यावर उभं राहिलं की आपले पाय कुठे वळतील, हे रुपचंदला पुरतं ठाऊक होतं.

काल रविवार, भेटीचा दिवस. बायको भिकुबाई एरंडोलला माहेरी गेली ती गेलीच; सहावा रविवार कोरडा गेला. दुसऱ्या कुणाच्या तरी डब्यातली कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकर त्याच्या पुढ्यात आली. ती त्यानं पिशवीत टाकली.

साडेनवाला घंटा झाली. आठ माणसं गोल बसली. केंद्र चालवणाऱ्या लीलाधर सरांनी एक रीत घातली होती. बोलायचं नसेल त्यानं बोलू नये, पण डफ बठ्ठ्यांनी, म्हणजे सगळ्यांनीच, वाजवायचा; आणि एकाचा हात थांबला की बठ्ठ्यांनी थांबायचं. दवानं कातडं सैल पडतं, म्हणून आधी तुराट्यांचा जाळ करून ज्यानं त्यानं आपला डफ शेकायचा. रुपचंद कधी शेकत नसे. त्याचा डफ लोटननाना शेकून देत. नाना जुने डफवाले. इथंच व्यसनातून सुटले आणि इथंच राहिले.

"नाना, मन्हा डफ," रुपचंदनं डफ पुढे केला.

नानांनी घेतला नाही. "तू पिशवी बांधेल शे ना?"

"हा."

"मंग जाता जाता आज तूच शेक."

"माले नही जमस."

"कसाले?"

"जाळ दखाना का हात कापतस."

"मन्हा बी कापतस," नाना म्हणाले. "शेक."

रुपचंद जाळापाशी उकिडवा बसला. हात खरंच कापत होते. पण डफ आडवा धरला आणि हात आपोआप शहाणे झाले. गर्द ओढताना सिगारेटच्या पाकिटातली चांदी धरावी तसा त्यानं डफ धरला, एकाच जागी जाळ दिला, मान पुढे काढली, ओठ गोल केले. कातड्यावर तपकिरी डाग उठला. जळका वास आला.

"भाऊ, चांदी नही ती," शेजारचा चुडामण म्हणाला. "डफ शे. फिराव तेले."

एक जण फिस्सकन हसला, मग आठातले सात हसले. बाहेरच्या कुणाला त्यात हसण्यासारखं काही कळलं नसतं. रुपचंदचे कान तापले. त्यानं डफ मागे घेतला आणि गोल फिरवत शेकू लागला.

वाजवणं सुरू झालं. त्याचा डफ डागापाशी भद्द बोलायचा, बाकी ठिकाणी ठण्ण. हात चुकत होता, सावरत होता. तेवढ्यात फाट्यावर एस.टी.चा हॉर्न वाजला. रुपचंदचा हात थांबला. आठही डफ थांबले.

कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही. नाना जाळाकडे बघत होते. त्या शांततेत दुसरा हॉर्न चांगलाच मोठा ऐकू आला, मग गिअर पडल्याचा आवाज, मग गाडी लांब लांब. त्याला कुणी न्यायला आलं नव्हतं, आणि इथं सात माणसं हात वर धरून बसली होती.

त्यानं डागाच्या बाजूला थाप मारली. सात हात खाली आले.

डफ खुंटीला लागल्यावर रुपचंदनं पिशवीतली भाकर काढली. ती कडक झाली होती. उभ्याउभ्या खाल्ली. पुढचा रविवार सहा दिवसांवर होता. झाडलेल्या अंगणात पुन्हा पाला पडला होता. त्यानं खराटा उचलला.