शेणाच्या गवळणी घालणारे गुरुजी

ज्ञानोबा गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत शेणानं भरलेले होते. माझी बदली नुकतीच त्यांच्या गावच्या प्राथमिक शाळेत झाली होती. दिवाळीची सुट्टी संपायच्या आत राहायला एखादी खोली बघून ठेवावी, म्हणून मी आणि माझे यजमान येरमाळ्याला एसटीतून उतरलो आणि पुढं टमटमनं गावात पोचलो. शाळेतल्या गुरुजींचं घर विचारत गेलो, तर अंगणात बाह्या दुमडून एक गृहस्थ उकिडवे बसलेले. समोर शेणाचा ढीग आणि ओळीनं मांडलेल्या वीतभर उंचीच्या बायका.

दिवाळीत आपल्याकडं रोज सकाळी अंगणात शेणाच्या गवळणी घालतात, हे गुरुजींच्या या गौरवग्रंथाच्या बहुतेक वाचकांना सांगायला नको. नोकरीपायी लांब गेलेल्यांच्या मुलांसाठी मात्र सांगते. कुणी डोक्यावर घागर घेतलेली, कुणी ताक घुसळणारी, कुणी जात्यावर बसलेली. मधे कृष्ण, भोवती गाईवासरं. वर झेंडूची, शेवंतीची फुलं खोचायची आणि हळदकुंकू वाहायचं. हे काम घरातल्या बायकांचं. पुरुषाला ते करताना मी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. गुरुजी शांतपणे म्हणाले, "आईला आता दिसत न्हाय. पण बोटांनी चाचपून बघायचं असतंय तिला. म्हणून म्या घालतो."

गोदाकाकू, म्हणजे गुरुजींच्या पत्नी, दारातून म्हणाल्या, "माझी गवळण गोवरीवानी दिसती. सासूबाईंना चालत न्हाय."

तेवढ्यात त्यांनीच गुरुजींच्या मातोश्रींना हाताला धरून आणलं. त्या खाली बसल्या. एकेका आकृतीवरून त्यांनी हलकेच बोटं फिरवली आणि विचारलं, "ही ताक घुसळती व्हय?" गुरुजी "व्हय आई" म्हणाले. आम्ही दोघं खोलीचं विचारायला आलो होतो, ते विसरून बघत राहिलो. आम्हाला खोली गुरुजींनीच मिळवून दिली, त्यांच्याच गल्लीत.

गुरुजींचं घराणं मेंढरं राखणारं. घरात पहिली नोकरी त्यांची. शाळेत ते गणित उत्तम शिकवत, पण गावाला ते ठाऊक होते ते वेगळ्या गोष्टीसाठी. महालक्ष्म्यांच्या मागं लावायचा पडदा कुणाला रंगवून हवा असो, पोळ्याला बैलांच्या अंगावर नक्षी काढायची असो, गुरुजी नाही म्हणत नसत. मात्र एक अट असे. घरातलं कुणीतरी शेजारी बसून शिकलं पाहिजे. "पुढच्या साली म्या येणार न्हाय," असं ते सांगत, आणि खरोखरच जात नसत.

आता जे लिहायचं आहे, ते गौरवग्रंथात शोभेल की नाही, मला ठाऊक नाही. सत्कार समितीनं लेख मागितला तेव्हा मी दोनदा नकार कळवला. वय झालं, दमायला होतं, असं कारण दिलं. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण पुढचा प्रसंग हे होतं.

माझ्याकडं मुख्याध्यापकपद आलं त्या सुमारास गुरुजींनी शाळेत एक उपक्रम सुरू केला होता. दिवाळीच्या सुट्टीआधीच्या आठवड्यात मुलामुलींनी शाळेच्या आवारात गवळणी घालायच्या. मुलं खूश होती. दुसऱ्या वर्षी एक आई माझ्याकडं आली. नाव सुमनबाई. आवाज चढवला नाही, खुर्चीवरही बसली नाही. म्हणाली, "बाई, माझ्या आईनं जन्मभर दुसऱ्याच्या गोठ्यातलं शेण काढलं. म्या बी काढलं. पोरीला शाळंत घातलं ते शेणात हात घालायला न्हाय."

 हे गुरुजींसमोर बसून बोलायची माझ्यात ताकद नव्हती. त्या काळात कागदपत्रं, पोषण आहार, तपासण्या यांनी मी इतकी पिचून गेले होते, की कुठलाच वाद नको होता. एका चिठ्ठीवर 'पालकांच्या तक्रारीवरून सदर उपक्रम बंद करावा' एवढंच लिहून मी ती त्यांच्या वर्गात पाठवली. वीस पावलांवर त्यांचा वर्ग होता. मी उठून गेले नाही.

गुरुजींनी त्याच दिवशी उपक्रम बंद केला. कुणाची तक्रार, कसली तक्रार, हे त्यांनी मला विचारलं नाही. गावात चौकशी करून ते स्वतः सुमनबाईंच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. मला वाटलं, आता मला बोलतील.

ते म्हणाले, "त्यांचं खरं हाय, बाई. म्या हौसेनं शेण हातात घेतो. त्यांच्या आईला कुणी हौस विचारली न्हवती. माझ्या ध्यानात यायला पायजे होतं."

एवढं बोलून ते वर्गावर गेले. पुढच्या वर्षी त्यांनी तळ्याकाठची चिकणमाती आणली आणि शाळेत मातीच्या गवळणी सुरू केल्या. ज्याला करायच्या त्यानं कराव्यात, ज्याला नको त्यानं बसून बघावं. सुमनबाईंची मुलगी पहिल्या वर्षी नुसती बघत बसली. गुरुजींनी तिला एकदाही बोलावलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती आपणहून आली. तिनं गवळण केलीच नाही, शेळी केली.

कलेचं वेड असलेली माणसं मी पुष्कळ पाहिली. आपल्याच कलेची दुसरी, कडू बाजू ऐकून घेणारा माणूस मी हा एकच पाहिला.

त्या चिठ्ठीबद्दल मी गुरुजींची माफी मागायची ठरवत राहिले आणि दिवस गेले. मग एका दिवाळीच्या तोंडावर माझ्या यजमानांना पक्षाघात झाला. त्यांना सोलापूरला दवाखान्यात नेलं. अंगणात सडाही टाकलेला नव्हता, तसंच दाराला कुलूप घातलं. तिथं आम्ही सतरा दिवस होतो. सण कधी आला नि कधी गेला, मला कळलं नाही. गुरुजी दोनदा येऊन गेले. डबा ठेवायचे, यजमानांच्या पायांपाशी थोडा वेळ बसायचे.

यजमानांना घेऊन घरी परतलो तेव्हा जीपमधून उतरताना माझं लक्ष अंगणाकडं गेलं. ओट्याला लागून वाळलेल्या गवळणी नीट मांडून ठेवल्या होत्या. त्यांच्यावरची शेवंती सुकून काळी पडली होती. शेजारणीनं सांगितलं, "गुरुजी रोज सकाळी यायचे. आधी तुमच्या दारात घालायचे, मग स्वतःच्या. म्हणायचे, घर रिकामं न्हाय, माणसं दवाखान्यात हायती."

मला त्या वेळी रडू आलं नाही. यजमानांना खाली उतरवायचं होतं, खाट लावायची होती. पुढची नऊ वर्षं ते अंथरुणावरच होते. त्या नऊ वर्षांत मी कुठल्याही सणाला घर सजवलं नाही. उंबरठ्यावर रांगोळीची चार बोटं ओढायचाही कंटाळा यायचा. गुरुजींनी त्याबद्दल कधी उपदेश केला नाही. दिवाळीत सकाळी ते येत, यजमानांची खाट खिडकीजवळ ओढायला मला हातभार लावत आणि खिडकीतून दिसतील अशा बेतानं दोन-तीन गवळणी घालून जात. यजमानांना बोलता येत नसे. गुरुजी बाहेरून विचारत, "ही ताकवाली. दिसती का?" यजमान डावा हात उचलत.

यजमान गेले त्याला आता तीन वर्षं झाली. मधे एकदा मी गुरुजींजवळ त्या चिठ्ठीचा विषय काढला. ते म्हणाले, "कसली चिठ्ठी?" खरंच विसरले होते की मला सोडवत होते, मी अजून ठरवू शकलेले नाही.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्या घरी गेले. अंगणात आता फरशी आहे. गल्लीत गाय-म्हैस कुणाकडं राहिलेली नाही. दोन वर्षांपूर्वीच्या आजारपणानंतर गुरुजींच्या हातांना कंप आहे. त्यांच्या दारात विकतची प्लॅस्टिकची रांगोळी चिकटवलेली होती. मी काही विचारायच्या आत तेच म्हणाले, "शेण मिळंना, हात चालंना. दमलो बाई आता."

मी म्हटलं, "मीही दमले, गुरुजी." आम्ही चहा घेतला. मग ते म्हणाले, "चला, कुणी घातल्यात का बघून येऊ."

काठी टेकत, थांबत थांबत आम्ही गल्लीनं निघालो. बहुतेक दारांत काही नव्हतं. टोकाच्या घरी एक नवी सून हात धूत उभी होती. माहेर उमरग्याकडचं, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. तिनं पाच गवळणी घातल्या होत्या. शेण कुठून आणलं, कुणास ठाऊक. गुरुजींना बघून ती ओशाळली. "नीट न्हाय जमल्या, गुरुजी. ही शेवटची सारखी कलंडायली."

शेवटच्या गवळणीची घागर अंगाच्या मानानं फार मोठी झाली होती. मान एका बाजूला वाकली होती. गुरुजी काठीवर रेलून तिच्याकडं वाकले. मला वाटलं, आता घागर लहान कशी करायची ते सांगतील.

ते म्हणाले, "घागर उतरवा तिची. शेजारी ठेवा आणि तिला बसवा. लई लांबून आली असंल."

सुनेनं घागर उचलून बाजूला ठेवली आणि गवळणीला बसवलं. ती नीट बसली. मी भिंतीला टेकले. दवाखान्यातून परत आलेल्या दिवशी न आलेलं रडू त्या अनोळखी दारात आलं. गुरुजींनी पाहिलं आणि सुनेला मुद्दाम शेवंती आणायला आत पाठवलं.

गुरुजी पंचाहत्तर वर्षांचे झाले. सत्कार समितीला माझी एवढीच विनंती आहे, की समारंभ आटोपशीर ठेवावा, त्यांना फार वेळ खुर्चीत बसवत नाही. आणि गावाला विनंती, की यंदाच्या दिवाळीत ज्याला जमेल त्यानं दारात काहीतरी घालावं. शेणाचं, मातीचं, वाकडं, कसंही. गुरुजी सकाळी बघायला येतील, तेव्हा त्यांच्यासाठी एक खुर्ची बाहेर काढून ठेवावी.

त्यांच्या हातांना आता विसावा मिळो, डोळे असेच निर्मळ राहोत, आणि आमच्या दारांवरून त्यांची सकाळची फेरी अजून पुष्कळ वर्षं होत राहो.